घरजावई राष्ट्राध्यक्षाच्या गावात : मिसूरीतले चार दिवस

सप्टेंबर ते फेब्रुवारी असे सहा महिने मुलीकडे राहायचे ठरले, तेव्हा सौ.ची एकच तक्रार होती : जावयाच्या घरी इतके दिवस राहणे बरे दिसत नाही. मुलगी कॅन्सस राज्यातल्या ओव्हरलँड पार्कला असते. जावयांनी विमानतळावरून घरी नेतानाच या तक्रारीवर उतारा काढला. म्हणाले, "आई, इथून पाऊण तासावर एका राष्ट्राध्यक्षाचे घर आहे. लग्नानंतर तेहतीस वर्षे त्याचा कायमचा पत्ता सासूबाईंच्या घराचा होता, आणि पुढे सासूबाई त्याच्याबरोबर राहिल्या त्या अगदी व्हाइट हाउसमध्येही. तुम्ही निश्चिंत राहा." हा राष्ट्राध्यक्ष म्हणजे हॅरी ट्रुमन. आमच्या डोक्यात त्याचे नाव केवळ अणुबाँबशी जोडलेले होते. त्याला घरजावई म्हणून कोणी ओळख करून दिल्याचे मला तरी आठवत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्याच्या मागावर चार दिवस हिंडलो. मुक्काम अर्थातच जावयाच्या घरी होता.

पहिला दिवस, मंगळवार : लमार आणि ग्रँडव्ह्यू

सुरुवात जन्मस्थळापासून करावी असा माझा हट्ट होता. लमार हे गाव कॅन्सस सिटीच्या दक्षिणेला सुमारे एकशेवीस मैलांवर आहे. सरळ महामार्ग असल्यामुळे दोन तासांत पोहोचलो. ८ मे १८८४ रोजी ट्रुमन जिथे जन्मला ते घर आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाच्या घराएवढे असेल : खाली चार खोल्या, वर दोन, आतमध्ये वीज नाही की नळ नाही. वडील जॉन ट्रुमन यांनी ते ६८५ डॉलरला घेतले होते. ते खेचरांचा व्यापार करत आणि मुलगा झाल्याच्या आनंदात त्यांनी दारावर खेचराचा नाल ठोकला, असे आमच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितले. नाल घोड्याचा नसून खेचराचा, हे त्यांनी दोनदा बजावले. मिसूरीत खेचराला फार मान आहे.

मुलाच्या नावाचाही किस्सा आहे. दोन्ही आजोबांना खूश ठेवायचे म्हणून नावाच्या मध्ये नुसते 'एस' हे अक्षर ठेवले गेले. एका आजोबांचे नाव अँडरसन शिप ट्रुमन आणि दुसऱ्यांचे सॉलोमन यंग असल्यामुळे ज्याला हवे त्याने ते अक्षर आपले मानावे, अशी सोय झाली. त्या अक्षराला याहून वेगळा अर्थ नाही. मूल वर्षाचे व्हायच्या आतच कुटुंबाने लमार सोडले, त्यामुळे ट्रुमनला या घराची आठवण असण्याचे कारणच नव्हते. गावाला मात्र त्याची पक्की आठवण आहे.

जेवायला चौकातल्या एका छोट्या खाणावळीत गेलो. सौ. शाकाहारी असल्यामुळे तिच्या वाट्याला मक्याचा पाव, उकडलेल्या भाज्या आणि सफरचंदाचे सारण भरून भाजलेला 'पाय' हा गोड पदार्थ एवढेच आले, पण तो इतका सुरेख होता की तिने त्याचेच जेवण केले. (शाकाहारी प्रवाशांनी एक ध्यानात ठेवावे : या भागात घेवड्याच्या उसळीतही बहुधा मांसाचे तुकडे असतात. विचारल्याशिवाय काही मागवू नये.) शेजारच्या टेबलावर एक वयस्क शेतकरी होते. येताना रस्त्याच्या कडेला लाल कणसांचे बुटके पीक पाहिले ते कसले, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "मिलो." मी आणि सौ. एकमेकांकडे पाहतच राहिलो. आमच्या लहानपणी रेशनच्या दुकानात मिळणारी, भाकरीला चिकटपणा नसलेली ती लाल अमेरिकन ज्वारी, आणि 'मिलो' हा शब्द तिच्याबरोबर आलेला! तो शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही तसाच आहे. आम्ही तो खाऊन मोठे झालो, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी टोपी मागे सारून फार वेळ विचार केला आणि मग म्हणाले, "इथे तो आम्ही गुरांना घालतो." सौ. हसली, म्हणून मलाही हसावे लागले.

परतताना ग्रँडव्ह्यूला थांबलो. ट्रुमनच्या आजोळची सहाशे एकर शेती इथे होती. कॅन्सस सिटीतली बँकेची बरी चाललेली कारकुनी सोडून १९०६ साली वडिलांच्या सांगण्यावरून तो इथे परतला आणि पुढची अकरा वर्षे त्याने नांगर हाकला. जाड भिंगांचा चष्मा लावणारा, पियानो वाजवणारा, पुस्तकांत बुडालेला हा मुलगा शेतीत टिकणार नाही, असे सगळ्यांना वाटत होते, तो टिकला. पैशाअभावी महाविद्यालयाची पदवी मात्र राहिली ती राहिलीच. विसाव्या शतकातला पदवी नसलेला तो शेवटचा राष्ट्राध्यक्ष. आता पांढरे शेतघर आणि भोवतीची थोडी जमीन एवढेच उरले आहे. बाकीच्या शेतावर दुकाने आणि वाहनतळ झाले, कारण अध्यक्षपदावरून उतरल्यानंतर पैशाची निकड होती आणि कुटुंबाने जमिनीचा मोठा भाग विकला.

अंगणात हिरव्या, खडबडीत सालीची मोठ्या संत्र्याएवढी फळे पडली होती. मला ती हुबेहूब बालफणसासारखी वाटली. जावयांनी फोनवर शोधून सांगितले की याला 'हेज ॲपल' म्हणतात आणि ते खरोखरच फणसाच्या कुळातले झाड आहे. काटेरी असल्यामुळे तारेचे कुंपण येण्याआधी शेताच्या बांधावर तेच लावत. सौ.ने एक उचलून पिशवीत टाकले. चीक हाताला असा चिकटला की घरी जाऊन तेल लावावे लागले.

इथली एक गोष्ट मला वैयक्तिक वाटली. ट्रुमनचे वडील त्या भागातल्या रस्त्यांचे देखरेखदार होते. रस्त्यातला मोठा धोंडा हलवताना त्यांना इजा झाली, तिच्यातून दुखणे वाढले आणि १९१४ मध्ये ते गेले. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेली. मैलकुलीपासून उपअभियंत्यापर्यंत रस्त्यावर जीव घातलेली माणसे मी पाहिली आहेत, पण देखरेखदाराने स्वतः धोंड्याला हात घातल्याची उदाहरणे थोडीच.

दुसरा दिवस, बुधवार : इंडिपेंडन्सचा चौक आणि सासूबाईंचे घर

इंडिपेंडन्स हे गाव कॅन्सस सिटीच्या पूर्वेला लागूनच आहे. घर पाहण्यासाठी आधी मेन स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या केंद्रात, म्हणजे जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत, जाऊन वेळेचे तिकीट घ्यावे लागते. एका वेळी आठच माणसे आत सोडतात. सकाळच्या जागा भरल्या होत्या म्हणून आम्हाला दुपारची वेळ मिळाली. (हंगामाप्रमाणे सुट्टीचे वार बदलतात, निघण्यापूर्वी पाहून घ्यावे आणि सकाळी लवकर पोहोचावे.)

मधला वेळ न्यायालयाच्या चौकात घालवला. ट्रुमन इथे 'जज्ज' होता, पण त्याचा न्यायदानाशी काही संबंध नव्हता. मिसूरीत त्या काळी परगण्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला न्यायालय म्हणत आणि त्याच्या सदस्यांना जज्ज. आपल्या भाषेत सांगायचे तर १९२२ साली तो जिल्हा परिषदेचा सदस्य झाला, १९२४ मध्ये पडला आणि १९२७ पासून १९३४ पर्यंत अध्यक्ष होता. त्याला उभे करणारा माणूस म्हणजे कॅन्सस सिटीचा टॉम पेंडरगास्ट. ठेके, मते आणि नोकऱ्या या तिन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवणारा हा पुढारी पुढे १९३९ मध्ये करचुकवेगिरीसाठी तुरुंगात गेला. अशा माणसाच्या पंखाखाली असताना ट्रुमनने १९२८ मध्ये रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलरचे कर्जरोखे मतदारांकडून मंजूर करून घेतले आणि कामे पेंडरगास्टच्या मर्जीतल्या ठेकेदारांना न देता कमी दराच्या निविदेला दिली. ज्याने कधी निविदा उघडण्याच्या बैठकीत बसून वरून आलेला फोन ऐकला आहे, त्यालाच या वाक्याचे वजन कळेल. तरीही ट्रुमनने पेंडरगास्टला कधी झिडकारले नाही. १९४५ च्या जानेवारीत उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावर काही दिवसांतच तो त्या शिक्षा झालेल्या माणसाच्या अंत्यविधीला उघडपणे गेला. यातले काय बरोबर आणि काय चूक, यावर जावयांचे आणि माझे चौकातल्या बाकावर चांगलेच वाजले.

तेवढ्यात, बरोबर अकरा वाजता, चारी बाजूंनी भोंगे वाजू लागले. चक्रीवादळाचे भोंगे कसे असतात हे मुलीने आल्या आल्या शिकवले होते, त्यामुळे सौ.ने माझा हात धरून न्यायालयाच्या दाराकडे धाव घेतली. पायरीवर आइस्क्रीम खात बसलेला एक म्हातारा जागचा हलला नाही. त्याने आकाशाकडे बोट दाखवले. आकाश निरभ्र होते. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी अकरा वाजता या परिसरात भोंग्यांची चाचणी होते. तुम्ही त्या दिवशी तिथे असाल तर आमच्यासारखे धावू नका.

दुपारी डेलावेअर स्ट्रीटवरचे २१९ क्रमांकाचे घर पाहिले. पांढरे, चौदा खोल्यांचे, नक्षीदार लाकडी व्हरांड्याचे हे घर ट्रुमनची पत्नी बेस वॉलेस हिच्या आजोबांनी बांधले. बेसच्या वडिलांनी १९०३ मध्ये स्वतःला गोळी घालून घेतल्यावर तिची आई मॅज वॉलेस मुलांना घेऊन माहेरी आली. हॅरीने बेसला पहिल्यांदा पाहिले ते रविवारच्या चर्चशाळेत, सहा वर्षांचा असताना. तो ते आयुष्यभर सांगत राहिला. पण घराचे दार उघडायला १९१० साल उजाडावे लागले. समोरच्या बाजूला ट्रुमनच्या आतेबहिणी, म्हणजे नोलँड कुटुंब, राहत. श्रीमती वॉलेस यांनी त्यांच्याकडे केक पाठवला होता आणि रिकामी बशी परत करायची होती. शेतावरून आलेल्या हॅरीने ते काम झडप घालून घेतले आणि दार उघडले ते बेसनेच. नोलँडांचे दार आणि वॉलेसांचे दार यांत रस्त्याच्या रुंदीएवढेच अंतर आहे. मी पावले मोजली नाहीत, पण चाळीस-पन्नास असतील. तेवढे अंतर पार करून लग्नापर्यंत जायला त्याला आणखी नऊ वर्षे लागली. १९११ मध्ये पत्रातून मागणी घातली ती नाकारली गेली. पुढे होकार आला. मग पहिले महायुद्ध आले. फ्रान्समध्ये तोफखान्याचा कॅप्टन म्हणून लढून परतल्यावर २८ जून १९१९ रोजी लग्न झाले, आणि नवरदेव बिऱ्हाड घेऊन सासूबाईंच्या घरी आला.

आत छायाचित्रे काढू देत नाहीत आणि फक्त तळमजला दाखवतात. मागच्या दाराजवळ त्याचा कोट, हॅट आणि काठी आजही टांगलेली आहेत. मला सर्वांत जवळचे वाटले ते स्वयंपाकघर : हिरवी कपाटे, दोन माणसांचे टेबल आणि जमिनीवर जुने लिनोलियम. ते जिथे फाटून वर आले होते, तिथे नवे न घालता बारीक खिळे मारून बसवले आहे. जगातले सर्वांत प्रबळ पद सोडून आलेले जोडपे या टेबलाशी सकाळचा नाश्ता करत असे. सौ. खिळ्यांकडे बघत म्हणाली, "हे बेसबाईंचे काम. मीही असेच केले असते."

सासूबाई मॅज वॉलेस यांच्या दृष्टीने हा शेतकरी आपल्या मुलीच्या तोलाचा कधीच नव्हता. जावई सिनेटर झाला, उपराष्ट्राध्यक्ष झाला, राष्ट्राध्यक्ष झाला, तरी त्यांचे मत फारसे बदलले नाही. शेवटी त्या व्हाइट हाउसमध्येच राहत होत्या आणि १९५२ च्या डिसेंबरात तिथेच वारल्या. घर त्यानंतर बेसच्या भावांचे हिस्से विकत घेऊन ट्रुमनच्या नावावर झाले, तेव्हा तो सत्तरीला आला होता. आमच्या तुकडीला घर दाखवणाऱ्या रेंजर मुलीला मी विचारले की घरजावई या अर्थाचा शब्द इंग्रजीत आहे का. तिने थोडा विचार करून नाही म्हटले आणि आमचा शब्द वहीत लिहून घेतला.

तिसरा दिवस, गुरुवार : ग्रंथालय

रात्रीतून पाऊस झाला आणि सकाळी गारठा होता. ट्रुमनचे ग्रंथालय व संग्रहालय घरापासून सुमारे मैलभरावर आहे. १९५७ मध्ये ते उघडले तेव्हापासून प्रकृती साथ देईतो तो रोज तिथल्या कचेरीत येऊन बसत असे. पूर्ण दिवस राखून ठेवावा; आम्ही दहाला आत गेलो आणि चार वाजता पाय दुखू लागले म्हणून बाहेर पडलो.

दारातच टॉमस हार्ट बेंटन या मिसूरीच्या चित्रकाराचे प्रचंड भित्तिचित्र आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा याच गावातून सुटत, त्या गर्दीचे ते चित्र. आकाशाच्या निळ्या रंगाचे काही फटकारे ट्रुमनने स्वतः मारले आहेत. पुढे व्हाइट हाउसमधल्या त्याच्या कार्यालयाची प्रतिकृती आणि टेबलावरची ती प्रसिद्ध पाटी : जबाबदारीची टोलवाटोलवी या टेबलापाशी संपते, असे सांगणारी. ती ओक्लाहोमातल्या एका सुधारगृहात तयार झाली होती, आणि मागच्या बाजूला 'मी मिसूरीचा आहे' असे लिहिलेले आहे. शासकीय टेबलावरच्या पाटीला मागची बाजू असते, हे मला नोकरीत कधी सुचले नाही.

१२ एप्रिल १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वारले तेव्हा ट्रुमनला उपराष्ट्राध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते आणि अणुबाँबच्या प्रकल्पाची धड माहितीही त्याला कोणी दिलेली नव्हती. चार महिन्यांच्या आत हिरोशिमा आणि नागासाकी झाले. संग्रहालयात नागासाकीवरच्या बाँबमधून काढलेली सुरक्षा-खुंटी आहे आणि किरणोत्सर्गाने आजारी पडून मेलेल्या सादाको सासाकी या मुलीने घडी घातलेला कागदाचा इवलासा करकोचा. तो तिच्या भावाने २०१५ मध्ये इथे दिला. दोन्ही वस्तू मुठीत मावतील एवढ्या आहेत. सौ. करकोच्यापाशी थांबली ती बराच वेळ हललीच नाही, आणि आम्ही कोणी तिला हाक मारली नाही.

मला मात्र त्याहून खाली बसवले ते दुसऱ्या एका वस्तूने. कोरियाच्या युद्धात मुलगा गमावलेल्या एका बापाने सैन्याकडून मिळालेले जांभळे पदक ट्रुमनला परत पाठवले. सोबतच्या पत्रात लिहिले होते की मुलाच्या मृत्यूला तुम्हीच जबाबदार आहात, तेव्हा हे तुमच्या बक्षिसांच्या खोलीत ठेवा, आणि तुमच्या मुलीच्या वाट्याला हेच आले नाही याचा आम्हाला खेद आहे. ट्रुमनच्या मृत्यूनंतर ते पत्र आणि पदक त्याच्या इथल्या टेबलाच्या खणात सापडले. म्हणजे निवृत्तीच्या सगळ्या वर्षांत, पेन घ्यायला खण उघडला की ते दिसणार अशा ठिकाणी त्याने ते ठेवले होते. टेबलावरच्या पाटीपेक्षा मला हा खण अधिक खरा वाटला.

भारताशी संबंधित वळणही या कारकिर्दीत आहे. १९४९ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरू त्याच्या भेटीला गेले होते, आणि १९५१ मध्ये धान्यटंचाईच्या वेळी अमेरिकेने वीस लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्या कायद्यावर सही ट्रुमनची आहे. आमचा मिलो मात्र त्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. तो १९५४ च्या कायद्याखाली, आयझेनहॉवरच्या राजवटीपासून सुरू झालेल्या मदतीतला. सौ.ने हे ऐकून एवढेच म्हटले, "मग बरा होता माणूस."

अंगणात हॅरी आणि बेस यांच्या थडग्यांचे दगड शेजारी शेजारी आहेत. समोरच त्याच्या कचेरीची खिडकी आहे. त्याने बेसला लिहिलेली १३०० हून अधिक पत्रे इथे जपली आहेत. तिने त्याला लिहिलेली मात्र फार थोडी उरली. एकदा ती शेकोटीत आपली पत्रे जाळताना त्याला दिसली. तो म्हणाला, "अगं, इतिहासाचा तरी विचार कर!" ती म्हणाली, "केलाय." हा किस्सा घरातल्यांनीच पुढे सांगितलेला आहे.

चौथा दिवस, शुक्रवार : बाराव्या रस्त्यावरचे दुकान आणि ताक

कॅन्सस सिटीच्या बाराव्या रस्त्यावर १९१९ मध्ये ट्रुमनने सैन्यातला सोबती एडी जेकबसन याच्या भागीदारीत पुरुषांच्या शर्ट-टायचे दुकान काढले. मंदीत १९२२ साली ते बसले. दिवाळखोरी जाहीर करायची सोय असून त्याने केली नाही आणि पुढची पंधराएक वर्षे देणी फेडत राहिला. दुकानाची जागा आता ओळखू येत नाही, पण समोरचे जुने मुहलबाख हॉटेल उभे आहे. हाच जेकबसन पुढे, मित्राच्या नात्याने व्हाइट हाउसमध्ये जाऊन, इस्रायलसाठी रदबदली करत असे. १४ मे १९४८ रोजी इस्रायलच्या स्थापनेच्या घोषणेनंतर अकरा मिनिटांत अमेरिकेने त्या देशाला मान्यता दिली. जेवायला जावई आम्हाला धुरावर भाजलेल्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या एका दुकानात घेऊन गेले. त्याविषयी मी अधिक लिहिले तर सौ. हे वाचणे बंद करील.

दुपारी ईशान्येला तीसेक मैलांवरच्या एक्सेलसियर स्प्रिंग्जला गेलो. खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी एकेकाळी नावाजलेले हे गाव आता शांत आहे. १९४८ च्या निवडणुकीच्या रात्री सगळी वर्तमानपत्रे ट्रुमन हरणार म्हणत होती आणि शिकागोच्या एकाने तर तो हरल्याचा मथळाही छापून टाकला. तो स्वतः मात्र वार्ताहरांना चुकवून इथल्या एल्म्स हॉटेलात आला, हॅम सँडविच खाल्ले, पेलाभर ताक प्यायला आणि लवकर झोपला. पहाटे चारच्या सुमारास रक्षकांनी उठवून सांगितले की आपण जिंकतो आहोत. चार वर्षांनी लोकांनी त्याला पुरते नाकारले होते. १९५२ च्या सुरुवातीला पाहणीत पसंती २२ टक्क्यांवर आली होती. पदावरून उतरला तेव्हा सैन्याचे महिना ११२ डॉलर ५६ सेंट एवढेच निवृत्तिवेतन होते, आणि माजी अध्यक्षांना वेतन देणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. पेन्शनच्या फायली फिरवण्यात ज्यांची दोन वर्षे गेली अशा माझ्या मित्रांना मी हे मुद्दाम कळवले आहे.

हॉटेलच्या पडवीत चहा घेतला. वाढणाऱ्या मुलीला सौ.ने ताक आहे का असे विचारले, तेव्हा ती गोंधळली. ते फक्त पाव करताना वापरतात, म्हणाली. परतीच्या वाटेवर वाणसामानाच्या दुकानातून ताकाचा एक डबा घेतला. दाट, आंबट, जरा खारट. रात्री सौ.ने त्यात पाणी आणि बेसन घालून कढी केली, मुलीच्या फ्रीजमधला जपून ठेवलेला कढीपत्ता टाकून. जावयांनी दोनदा मागून घेतली.